बिअरच्या गाळापासून परळपर्यंत

मार्माइट, म्हणजे ब्रेडला लावायचा इंग्रजी लेप, दिसायला हुबेहूब काकवी. काळपट, घट्ट, चमच्यावरून तार धरत सुटणारी. म्हणून नवखा माणूस तो लेप काकवीसारखाच सढळ हाताने ब्रेडवर ओततो, आणि पहिल्याच घासाला तोंड वाकडं करतो. मार्माइट गोड नसतं. खारट असतं, भयंकर खारट. भाजलेल्या पावाला आधी लोणी, मग त्यावर सुरीच्या टोकाने जेमतेम ओढलेली एक रेघ, इतकंच ते खायचं असतं.

मुळात हा बिअरच्या कारखान्यातला गाळ. बिअर आंबवून झाली की पिंपाच्या तळाशी यीस्टचा चिकट साका उरतो. हा साका दाट करून खाता येईल, हे एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी दाखवलं. कृती तशी सोपी आहे. यीस्टमध्ये मीठ घालून ते कोमट ठेवायचं. पेशी मरतात, आणि त्यांच्यातलीच पाचकद्रव्यं त्यांची प्रथिनं फोडू लागतात. यीस्ट जणू स्वतःलाच पचवतं. मग टरफलं गाळून टाकायची आणि उरलेला रस आटवायचा. प्रथिनं फुटून जे ग्लुटामेट तयार होतं, त्यामुळे मांसाच्या रश्श्यासारखी चव येते, तीही मांसाचा कणभर न वापरता.

1902 साली इंग्लंडातल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट या बिअरच्या गावात मार्माइटची कंपनी निघाली. यीस्ट शेजारच्या बास कंपनीच्या कारखान्यातून यायचं. ‘मार्मीत’ म्हणजे फ्रेंचांचं झाकणाचं मातीचं भांडं, आपल्या हंडीचं भावंडच. ते आजही बाटलीच्या लेबलावर आहे. ऑस्ट्रेलियात सिरिल कॅलिस्टर यांनी तयार केलेलं व्हेजिमाइट, म्हणजे तसलाच यीस्टचा लेप, 1923 मध्ये बाजारात आलं. सुरुवातीला ते इतकं पडून राहिलं की 1928 मध्ये मालकाने त्याचं नाव बदलून ‘पारविल’ केलं. ‘मा माइट’ (आई कदाचित), तर ‘पा विल’ (बाबा नक्की), ही मार्माइटवरची कोटी फारशी कुणाला हसवू शकली नाही. 1935 मध्ये जुनं नाव परत आलं.

पण या काळ्या लेपाची खरी गोष्ट घडली ती मुंबईत.

भारतात काम करणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या सांगण्यावरून 1928 साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांना, त्यांतही गरोदर बायकांना, एक विचित्र रक्तक्षय होत होता. तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या, पण संख्येने फार कमी. कित्येकजणी त्यातच दगावत. परळच्या हाफकिन संस्थेत विल्स यांचं काम चालू झालं. ही जागा गिरणगावातलीच, म्हणजे रोगी आणि प्रयोगशाळा यांत फार अंतर नव्हतं. आधी त्यांनी जंतुसंसर्ग शोधला, हाती काही लागलं नाही. मग कोण काय खातं हे बघितलं. गरिबांच्या ताटात फळं, भाज्या नावालाच होत्या. तसाच आहार पांढऱ्या उंदरांना दिला तर गाभण उंदीर माद्या आजारी पडून मेल्या. त्याच आहारात यीस्ट मिसळलं, तर वाचल्या.

माणसांसाठी यीस्ट कुठून आणायचं? मार्माइट बाजारात होतं आणि स्वस्त होतं. विल्स यांनी ते रुग्ण बायकांना दिलं, आणि बायका झपाट्याने सुधारल्या. 1931 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने त्यांचा लेख छापला. मार्माइटमध्ये नेमकं काय गुण देतं हे तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून त्या अनाम द्रव्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. 1941 साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून फॉलिक आम्ल हे जीवनसत्त्व वेगळं काढण्यात आलं. विल्स फॅक्टर म्हणजे तेच.

गंमत अशी की ज्या शहरात हे उमगलं, तिथल्या न्याहारीच्या ताटात मार्माइट कधी रुळलं नाही. फॉलिक आम्ल मात्र आलं. आरोग्य केंद्रात गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत लोहाच्या जोडीला तेच असतं.