समुद्राच्या उष्णतेवरून मासळीचा ठाव : पार्श्वभूमी

जळगावच्या बाजारात सुकटीच्या ढिगापाशी खारट, उग्र वास नाकात शिरतो. आपल्या खानदेशाला समुद्र भेटतो तो असा, कळण्याच्या भाकरीसोबत. उपग्रहाच्या मदतीने मासळीचा ठाव सांगणारं काम उभं राहिलं तेही समुद्रापासून लांब, हैदराबादेत. म्हणून ही हकिकत मला जवळची वाटते.

उपग्रहाला मासे दिसत नाहीत, हे आधी सांगायला हवं. त्याला कळते ती पाण्याच्या पृष्ठभागाची उष्णता. १९७८पासून अमेरिकी हवामान उपग्रहांवर ही उष्णता मोजणारं एव्हीएचआरआर हे उपकरण आलं. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे सुमारे १.१ किलोमीटर. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर पावसाळ्यात दोन पाण्यांच्या मध्ये रेघ दिसते ना, तशीच रेघ समुद्रात गार आणि कोमट पाण्यात पडते. खालचं गार पाणी वर येताना पोषकद्रव्यं आणतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर सूक्ष्म जीव, मग तारली-बांगडा आणि त्यांच्या मागावर सुरमई, कुपा. नाखवे पाण्याचा रंग आणि घिरट्या घालणारे पक्षी पाहून हेच हेरत आले आहेत.

पण नुसती उष्णता फसवते. वारा पडला की ऊन वरचा पातळ थर सगळीकडे सारखा तापवतं आणि रेघ पुसली जाते. सूक्ष्म वनस्पतींची खालची हिरवाई मात्र तिथेच असते. ती टिपणारा ओशनसॅट-१ हा उपग्रह भारताने मे १९९९मध्ये सोडला. समुद्राची माहिती पुरवणारी इन्कॉइस ही सरकारी संस्थाही हैदराबादेत त्याच वर्षी सुरू झाली. माझ्या मते खरं वळण हेच. पुढे उष्णता आणि हरितद्रव्य एकत्र पाहून सल्ले निघू लागले: कोणत्या बंदरापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर, किती खोल पाण्यात. तेही मराठीसह किनाऱ्यावरच्या भाषांत.

ढगांपुढे मात्र ही नजर चालत नाही. शिवाय रेघ सरकत राहते, त्यामुळे शिळा सल्ला कामाचा नाही. वेळेत मिळाला तर शोधाशोध कमी होते, डिझेल वाचतं, आणि लहान नौकेला ते फार मोठं आहे.

आपल्या बाजारातल्या बोंबलाला या सल्ल्याचा फारसा उपयोग होत नाही. तो बहुतेक डोल जाळ्यात येतो. ते जाळं भरती-ओहोटीच्या ओढीत एका जागी बांधलेलं असतं, मासळीच्या मागे जात नाही.