भूकंपाची वीज का नाही बनवत?

भूगोलाच्या पुस्तकात नैसर्गिक आपत्ती हा एक धडा असतो आणि ऊर्जा हा वेगळा, पण दोन्ही शिकवून झाले की वर्गात कोणीतरी विचारतंच, भूकंपात आणि वादळात एवढी ताकद असते तर मग त्याचीच वीज का नाही बनवत, कोळसा कशाला जाळायचा? प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाहीये. हिशोब मांडून बघण्यासारखा आहे.

आधी आकाशातली वीज घेऊ. एका कडाक्यात साधारण 1 अब्ज जूल ऊर्जा असते, ऐकायला केवढं तरी वाटतं, पण बिलाच्या भाषेत सांगायचं तर पावणेतीनशे युनिट. बास. त्यातलीही बरीचशी हवा तापवण्यात आणि गडगडाटातच जाते. जगभरात सेकंदाला साधारण 45 वेळा वीज चमकते, बहुतेक वेळा ढगातल्या ढगातच, पण समजा त्या सगळ्या पकडल्या, एकही न सोडता, तरी जग जेवढी वीज वापरतं त्याच्या दीड टक्क्यापलीकडे आपण जात नाही. आणि पकडणार कशी? कुठे पडेल ते आधी कळत नाही आणि कळेपर्यंत ती संपलेली असते. कळशी भरायची आहे आणि कोणी अख्खा टँकर पापणी लवायच्या आत वरून ओतला, तर कळशीत उरेल किती?

आता भूकंप. इथे एक हिशोब मला फार आवडतो. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेला 6.3 चा भूकंप झाला, दीडशेपेक्षा जास्त माणसं गेली. भूकंपाच्या लाटांमधून किती ऊर्जा बाहेर पडते ते काढायचं एक ठरलेलं सूत्र आहे, त्यात 6.3 घातलं की उत्तर येतं जवळपास 5 कोटी युनिट. आणि त्याच कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाची आजची क्षमता आहे 1960 मेगावॉट, म्हणजे सगळी यंत्रं पूर्ण जोरात चालवली तर 5 कोटी युनिट व्हायला साधारण 25 तास लागतात. ज्या भूकंपाने घरं पाडली त्याच्याएवढी ऊर्जा तिथलं वीज केंद्र एका दिवसात तारेतून शांतपणे पाठवू शकतं. एक काही सेकंदात जमिनीखालच्या खडकातून सगळीकडे पसरते आणि दुसरी बटण दाबल्यावर पाहिजे तेवढीच मिळते, फरक एवढाच, पण तोच सगळा फरक आहे.

वादळाचं थोडक्यात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, म्हणून चक्रीवादळात पवनचक्की धो धो वीज देत असेल असं वाटतं, पण उलट होतं. वारा ताशी 90 किलोमीटरच्या आसपास गेला की बहुतेक मोठ्या पवनचक्क्या स्वतःच बंद होतात, पाती अशी फिरवून ठेवतात की वारा बाजूने निघून जाईल, नाहीतर पातीच तुटायची.

ज्वालामुखी मात्र वेगळा पडतो, कारण त्याच्या खाली असलेली उष्णता रोज, वर्षानुवर्षं, हळूहळू वर येत असते. पाणी तापतं, वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं. इटलीत लार्डेरेल्लो इथे 1904 मध्येच अशा वाफेवर पाच बल्ब पेटवून दाखवले होते. आइसलँडमध्ये क्राफ्ला नावाच्या ज्वालामुखीवर वीज केंद्राचं काम सुरू होतं आणि 1975 ला तिथेच उद्रेक सुरू झाले, ते थांबत थांबत 1984 पर्यंत चालले. सप्टेंबर 1977 मध्ये तर जवळच्या एका बोअरमधून चक्क लाव्हा बाहेर उडाला, माणसाने पाडलेल्या भोकातून ज्वालामुखीचा उद्रेक! लोकांनी तरी केंद्र सोडलं नाही. पुढे 2009 ला तिथेच आणखी खोल जायचं म्हणून बोअर पाडायला घेतली, आणि साधारण 2.1 किलोमीटरवर ड्रिल थेट वितळलेल्या खडकात घुसलं, तिथे तो असेल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या बोअरमधून 450 अंशांच्या आसपासची वाफ आली, एका बोअरवर 30 मेगावॉटपेक्षा जास्त वीज निघेल इतकी. पण ती वाफ एवढी गरम आणि आम्लयुक्त की व्हॉल्व्हच टिकेनात, 2012 ला ती बोअर बंद करावी लागली.

जिथे ज्वालामुखी नाही तिथे काय करतात? काही किलोमीटर खोल गरम खडकात जोराने पाणी पंप करतात, खडकातल्या भेगा उघडतात आणि तापलेलं पाणी दुसऱ्या बोअरने वर घेतात. कल्पना छान आहे, पण खडकात जुन्या भ्रंशरेषा, म्हणजे खडक सरकल्यामुळे पडलेले मोठे तडे, असतात, त्यांच्या दोन बाजू वजनाने एकमेकींवर घट्ट दाबून बसलेल्या असतात आणि त्या दाबामुळेच त्या सरकत नाहीत. मधे दाबाखालचं पाणी शिरलं की ते दोन्ही बाजूंना ढकलतं, पकड सैल होते, आणि आधीच सरकायच्या बेतात असलेली बाजू सरकते. स्वित्झर्लंडमध्ये बासेलला डिसेंबर 2006 मध्ये हेच झालं, 3.4 चा धक्का बसला, भिंतींना तडे गेले, प्रकल्प गुंडाळला. दक्षिण कोरियात पोहांगला नोव्हेंबर 2017 मध्ये 5.4 चा भूकंप झाला, आणि 2019 ला सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं की तो तिथल्या भूऔष्णिक, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेवर वीज बनवायच्या प्रकल्पामुळेच सुटला. कोयनेतही गोष्ट याच जातीची आहे. धरणात पाणी साठायला लागलं 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला आणि छोटे धक्केही तेव्हापासूनच वाढले, आजही तिथले धक्के जलाशयाच्या पातळीच्या चढउताराशी जोडलेले दिसतात. पण एक लक्षात घ्या, पाण्याने भूकंपाची ऊर्जा तयार केली नाही, ती खडकात आधीपासून साठलेली होती. पाणी फक्त निमित्त झालं.

मग हुशार विद्यार्थी पुढचा प्रश्न विचारतो, पाणी सोडून छोटे छोटे भूकंपच करून घ्या की, मोठा टळेल! पाण्याने भूकंप चालूबंद करता येतात हे खरं आहे, अमेरिकेत रेंजली नावाच्या तेलक्षेत्रात 1970 च्या आसपास शास्त्रज्ञांनी ते करून बघितलंय, दाब वाढवला की धक्के, कमी केला की शांत. पण हिशोब आडवा येतो. मॅग्निट्यूड, म्हणजे भूकंपाचा तो 6.3 सारखा आकडा, एकाने वाढला की ऊर्जा साधारण 32 पट होते, म्हणजे 7 च्या एका भूकंपाची ऊर्जा रिकामी करायला 5 चे हजार भूकंप लागतील, आणि 5 चा भूकंपही काही खेळ नाही.

त्यामुळे आता सिग्नलसारखी पद्धत वापरतात, छोटे धक्के ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले की पंप बंद. ही मला अर्धवटच वाटते, कारण बासेलला सगळ्यात मोठा धक्का पंप बंद केल्यावर काही तासांनी आला आणि पोहांगला तर शेवटचं पाणी सोडल्यानंतर जवळपास दोन महिन्यांनी. खडकात शिरलेला दाब पुढे सरकत राहतो, त्याला वर पंप चालू आहे का बंद याच्याशी देणंघेणं नसतं. पोहांगची ती भ्रंशरेषा आधी कुठल्याच नकाशावर नव्हती, त्यामुळे अशा जागी बोअर पाडायच्या आधी खालचे छोटे धक्के दीर्घकाळ ऐकत बसणं आणि भेगांचा नकाशा काढणं हे खर्चिक आणि कंटाळवाणं काम आधी करावंच लागतं.