हजार चौकोन आणि एक सावली

१९८६ साली ब्रिटनमध्ये अँड्र्यू ब्रेब्रुक यांचा ‘युरिडियम’ हा गेम कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर आला. आपलं चिमुकलं यान, खाली आडवं पसरलेलं शत्रूचं अजस्र जहाज. त्याच्या पत्र्यालगत सुसाट जायचं, गोळ्या झाडायच्या, टोकाला पोचलं की कोलांटी मारून उलट फिरायचं. जहाजांना नावं धातूंची: पहिलं जस्त, शेवटचं युरिडियम. (आवर्तसारणीत शोधू नका, तिथं आहे तो इरिडियम.)

बघणारा चकित व्हायचा तो पडदा किती अलगद सरकतो हे पाहून. संगणकाची ऐपत तशी बेताचीच. प्रोसेसरचे सेकंदाला जेमतेम दहा लाख ठोके (एका ठोक्यात कामाचा एक छोटासा टप्पा), आणि युरोपातल्या टीव्हीवर सेकंदाला ५० चित्रं. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सुमारे १९,६५० ठोके. पडद्यावर ४० गुणिले २५, असे १,००० चौकोन; कोणत्या चौकोनात चित्राचा कुठला तुकडा दिसणार, हे एक आकडा ठरवतो. चित्र सरकवायचं म्हणजे हे आकडे हलवायचे. एका चौकोनातला आकडा उचलून शेजारी ठेवायला साधारण ९ ठोके, म्हणजे सगळ्यांचे ९,०००. निम्मा पगार एक तारखेलाच संपला! शिवाय प्रत्येक चौकोनाचा रंग वेगळ्या जागी साठवलेला. तोही हलवायचा तर आणखी ९,०००. मग शत्रू, गोळ्या, आवाज कुणी सांभाळायचे?

इथं चित्र दाखवणारी चिप मदतीला येते. तिच्यातला एक आकडा बदलला की ती अख्खं चित्र ० ते ७ पिक्सेल बाजूला सरकवून दाखवते. चौकोन ८ पिक्सेल रुंद, त्यामुळे खरी हलवाहलव आठव्या पिक्सेललाच. दिसणारे स्तंभही ४० ऐवजी ३८ करायचे; नवा स्तंभ नाटकातल्या नटासारखा विंगेत तयार उभा. वेग वाढला की ही हलवाहलव पटापट करावी लागते. पण जहाज एकाच धातूच्या छटांचं असलं, की निदान रंगांना हात लावावा लागत नाही.

मला मात्र जास्त भावते ती सावली. जहाजावर उंच भिंती असतात, आदळलं की खेळ खलास. सपाट चित्रात उंची दाखवायची कशी? उजळ कडा आणि गडद सावली रंगवून. प्रकाश एका बाजूने पडतोय असं धरून मेंदू उठाव स्वतःच रचतो. लांब सावली दिसली की खेळणाऱ्याचा हात, विचार करायच्या आधीच, जॉयस्टिक वळवतो.