अंदमानात न्यायाधीश व्हायचंय? मग अर्ज कोलकात्याला

वकिलीची सनद हातात आली की काहींच्या डोक्यात बेटांचं स्वप्न शिरतं. सेल्युलर जेल पाहून आलेली मराठी मुलं तर हमखास विचारतात, ‘तिथल्या कोर्टात न्यायाधीश कसं होता येतं? जाहिरात कधी निघते?’ उत्तर एका ओळीत देता येतं. अंदमान-निकोबारच्या न्यायाधीशपदासाठी वेगळी भरतीच नाही. या केंद्रशासित प्रदेशाला स्वतःची विधानसभा नाही, लोकसेवा आयोग नाही आणि उच्च न्यायालयही नाही. बेटांवरच्या खुर्चीत बसणारा माणूस समुद्रापलीकडून, कोलकात्याहून येतो. म्हणून फॉर्मही तिकडचाच भरावा लागतो.

(पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्रीविजयपुरम झालं. लोकांच्या तोंडी अजून जुनंच आहे, इथेही तेच वापरतो.)

हे नातं जुनं आहे. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयोची अंदमानात हत्या झाली. मारेकरी शेर अली आफ्रिदी तिथलाच कैदी. खटला चालवला वसाहतीचा प्रमुख मेजर जनरल डोनाल्ड स्ट्युअर्टने. पेशाने तो सैनिक, पण बेटावर सत्र न्यायाधीशाचे अधिकार त्याच्याकडेच होते. पुढे हाच गृहस्थ हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती झाला. म्हणजे त्या काळी बेटावरचा न्यायाधीश व्हायला कायद्याची पदवी लागत नसे, हुद्दा पुरे. तरीही फाशीच्या शिक्षेवर मोहोर उमटवून घ्यायला कागद कलकत्ता उच्च न्यायालयात गेले, आणि ११ मार्चला व्हायपर बेटावर फाशी झाली. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये संसदेने खास कायदा करून कलकत्ता उच्च न्यायालयाचं अधिकारक्षेत्र अंदमान-निकोबारपर्यंत वाढवलं. आजची सगळी रचना त्यावर उभी आहे.

बेटांवर दोन पातळ्यांची न्यायालयं दिसतात. खाली जिल्हा न्यायालय आणि त्याच्या हाताखालची दिवाणी व फौजदारी न्यायालयं. तिथले अधिकारी पश्चिम बंगालच्या न्यायिक सेवेतून येतात. वर उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून ही कल्पना आपल्याकडे वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कोलकात्याचे न्यायमूर्ती पाळीपाळीने पोर्ट ब्लेअरला जातात, काम चालवतात, परत येतात. फरक एवढाच की मुंबईहून कोल्हापूरला रात्रीच्या गाडीने पोचता येतं. कोलकाता ते पोर्ट ब्लेअर समुद्रमार्गे साडेबाराशे किलोमीटर भरतं. जहाजाला तीन-चार दिवस, विमानाला साधारण दोन तास.

या पाळ्यांवर येणारी प्रकरणं मात्र लहान नसतात. अंदमानातल्या जारवा या आदिवासी जमातीचा प्रश्न १९९९ मध्ये याच बेंचपुढे एका स्थानिक वकिलाच्या याचिकेने उभा राहिला. जमीन, सरकारी नोकऱ्या, आदिवासी संरक्षणाचा १९५६ चा विनियम हे तिथलं नेहमीचं खाद्य.

आता दारं किती? तीन. पहिल्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक वाचक तिथेच उभे आहेत.

पहिलं दार: दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर

परीक्षा पश्चिम बंगाल लोकसेवा आयोग घेतो. आपल्याकडे जेएमएफसीची, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाची, परीक्षा एमपीएससी घेते, तसंच. पूर्व परीक्षा बहुपर्यायी, मग मुख्य लेखी परीक्षा, शेवटी व्यक्तिमत्त्व चाचणी. जाहिरात दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येईल या भरवशावर राहू नका.

पात्रतेचं गणित वरवर सोपं आहे. भारतीय नागरिकत्व, कायद्याची पदवी, वकील म्हणून नोंदणी, वय २३ ते ३५. सनद महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची असली तरी नोंदणीची अट पूर्ण होते. त्यासाठी ती बंगालला हलवून घेण्याची गरज नाही.

अडतं ते भाषेशी. बंगाली वाचता, लिहिता आणि बोलता आली पाहिजे ही तिथली अट आहे. सूट मिळते ती नेपाळी मातृभाषा असलेल्यांना, मराठीवाल्यांना नाही. यात रागावण्यासारखं काही नाही, आपली परीक्षाही मराठी मागतेच. साक्षीदार ज्या भाषेत बोलतो ती न्यायाधीशाला कळायला हवी, दुभाष्याच्या तोंडून आलेली साक्ष निम्मी गळून जाते. अंदमानात तर याला आणखी अर्थ आहे: फाळणीनंतर पूर्व बंगालच्या निर्वासितांना तिथे वसवलं गेलं आणि आज बेटांवर सर्वाधिक लोकांची मातृभाषा बंगालीच आहे. बाजारात मात्र सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात. माझं स्पष्ट मत सांगतो. सीपीसी म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा तुम्ही सहा महिन्यांत घोटाल. बंगाली लिपीत न अडखळता लिहिण्याला त्याहून जास्त वेळ लागेल. आधी ती सुरू करा. जोडाक्षरं तर पहिले काही आठवडे छळतातच.

दुसरी अडचण वकिलीच्या वर्षांची. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट घातली, २००२ मध्ये ती काढली, आणि २० मे २०२५ च्या निकालाने परत आणली. हा निकाल देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे आपल्या अमरावतीचे. त्यांनी मोजणी कुठून करायची हेही सांगून टाकलं: तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून, बार परीक्षा (पदवीनंतर बार कौन्सिल घेतं ती) उत्तीर्ण झालेल्या दिवसापासून नव्हे. न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरलं जातं. आधीच सुरू झालेल्या भरत्यांना ती अट लागू केली नव्हती. तुमच्या जाहिरातीत कोणती अट आणि कोणती शेवटची तारीख छापली आहे ती शब्दन्‌शब्द वाचा, कारण अर्ज तपासणारा बाबू जाहिरात समोर ठेवूनच तपासतो.

निवड झाल्यावरही लगेच खुर्ची मिळत नाही. त्याच निकालानुसार किमान एक वर्ष प्रशिक्षण आधी, मग कोर्ट.

कागदपत्रं: इथेच जास्त लोक घसरतात

वयाचा पुरावा म्हणून दहावीचं प्रमाणपत्र चालतं. त्यावर जन्मतारीख नसेल, काही जुन्या बोर्डांच्या बाबतीत असं होतं, तर जन्मदाखला काढून ठेवा. कायद्याची पदवी आणि सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका. पदवीदान रखडलं असेल तर विद्यापीठाचं तात्पुरतं प्रमाणपत्र. सनदेची दोन्ही बाजूंची स्वच्छ प्रत. आयोगाच्या संकेतस्थळावर आधी एकदाच करायची नोंदणी असते, मग त्या खात्यातून अर्ज. फोटो आणि सही ठरवलेल्या आकारातच चढवावी लागते.

वकिलीच्या तीन वर्षांचा दाखला वेगळा, आणि तो शेवटच्या आठवड्यात मिळत नाही. तुम्ही ज्या न्यायालयात काम करता तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने द्यायचा, किंवा त्या न्यायालयातल्या किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाने द्यायचा आणि त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता घ्यायची. उच्च न्यायालयात काम करणाऱ्यांनी तसाच दहा वर्षांच्या वकिलाचा दाखला आणून न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडून मान्यता घ्यायची. मान्यता देणारा अधिकारी विचारेलच, ‘काम केल्याचं दिसतंय कुठे?’ त्यामुळे पहिल्या दिवसापासून वकीलपत्रांच्या प्रती आणि ज्या रोजनाम्यांत (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदींत) तुमचं नाव आलं आहे त्यांच्या नकला एका फाइलमध्ये लावत जा. ज्युनिअरचं नाव रोजनाम्यात येत नाही ही तक्रार जुनीच आहे, पण सीनिअरला एकदा सांगून वकीलपत्रावर आपली सही घालून घ्यायला काय हरकत आहे?

आरक्षणाबद्दल कुणी आधी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. महाराष्ट्राच्या अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसीच्या दाखल्यावर पश्चिम बंगालच्या या परीक्षेत आरक्षण मिळत नाही. बाहेरच्या राज्यातले उमेदवार खुल्या गटात धरले जातात, आणि त्या गटांना मिळणारी वयाची सवलतही त्यांना लागू होत नाही. पस्तिशीच्या उंबरठ्यावर असाल तर हा हिशेब आधी करा.

नावातला फरक हाही आपल्याकडचा खास रोग. दहावीला वडिलांचं नाव मधे, पदवीवर आडनाव आधी, सनदेवर लग्नानंतरचं नाव. राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला जवळ असू द्या. बंगाली कार्यालयाला ‘वडिलांचं नाव मधे’ ही आपली पद्धत परिचित असेलच असं नाही.

पगाराची उत्सुकता सगळ्यांना असते. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाच्या शिफारशींप्रमाणे या पदाचं मूळ वेतन ७७,८४० रुपयांपासून सुरू होतं. पण लक्षात ठेवा, तुमची निवड होते ती पश्चिम बंगालसाठी. अंदमान ही त्यातली एक नेमणूक. ती कुणाला, कधी द्यायची हे उच्च न्यायालय ठरवतं, कारण संविधानाच्या कलम २३५ नुसार खालच्या न्यायालयांवर नियंत्रण त्याचंच. अख्खी कारकीर्द पुरुलिया, मालदा, बर्धमान करण्यात जाऊ शकते आणि समुद्र दिघ्याच्या किनाऱ्यावरूनच पाहावा लागेल.

दुसरं दार: थेट जिल्हा न्यायाधीश

कलम २३३ प्रमाणे किमान सात वर्षं वकिली झालेल्यांना थेट जिल्हा न्यायाधीश होता येतं. ही परीक्षा आयोग घेत नाही, उच्च न्यायालय स्वतः घेतं. जिल्हा न्यायाधीशांच्या जागांपैकी चौथा हिस्सा अशा थेट भरतीचा, उरलेल्या सेवेतल्या अधिकाऱ्यांमधून भरल्या जातात. ऑक्टोबर २०२५ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एक जुना तिढा सोडवला: आधी वकिली, मग न्यायिक सेवा असा प्रवास झालेल्यांची दोन्हीकडची वर्षं मिळून सात धरता येतात, आणि किमान वय ३५. कनिष्ठ पदावर लागून अडकल्यासारखं वाटणाऱ्या कित्येकांना त्यामुळे श्वास घ्यायला जागा झाली. कागद वरचेच. फक्त वकिलीचा पुरावा सात वर्षांचा आणि जास्त बारकाईने पाहिला जाणारा.

तिसरं दार: सर्किट बेंचवर बसणारे न्यायमूर्ती

या दाराला बाहेरून कडीच नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी अर्ज करायचा नसतो, तुमचं नाव दुसऱ्यानेच सुचवावं लागतं. कलम २१७ ची पात्रता दहा वर्षं न्यायिक पद किंवा दहा वर्षं उच्च न्यायालयात वकिली. मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांच्यानंतरचे दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नावं ठरवतात. ती राज्य सरकार, केंद्रीय कायदा मंत्रालय, गुप्तवार्ता विभाग आणि सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम (नावं निवडणारं ज्येष्ठ न्यायमूर्तींचं मंडळ) असा लांबचा फेरा करून राष्ट्रपतींपर्यंत जातात. राज्याने सहा आठवड्यांत मत कळवायचं असतं. नाही कळवलं तर काही म्हणायचं नाही असं धरतात. अलीकडे कॉलेजियम उमेदवारांना प्रत्यक्ष भेटून बोलूही लागलं आहे.

फॉर्म नसला तरी कागद आहेत. सुचवलेल्या वकिलाची माहिती मागवतात तेव्हा गेल्या पाच वर्षांचं व्यावसायिक उत्पन्न आणि त्याने चालवलेल्या, निकालपत्रिकांत छापून आलेल्या खटल्यांचा तपशील बघितला जातो. नेमणुकीला मंजुरी मिळाल्यावर सिव्हिल सर्जन किंवा जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्याचा तंदुरुस्तीचा दाखला द्यावा लागतो. तीस वर्षं वकिली केलेल्या माणसालाही त्या दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात जावं लागतं, याची मला गंमत वाटते. मग नेमणूकपत्र, राज्यपाल किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीपुढे शपथ, आणि ६२ व्या वर्षी निवृत्ती. वेतन दरमहा २,२५,००० रुपये.

रूढ प्रथेने साधारण दोन तृतीयांश न्यायमूर्ती वकिलांमधून आणि एक तृतीयांश न्यायिक सेवेतून घेतात. दोन्ही वाटांची उदाहरणं मुंबईकरांनी जवळून पाहिली आहेत. दीपांकर दत्ता १९८९ मध्ये वकील झाले, २००६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात न्यायमूर्ती, २०२० मध्ये मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती आणि डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात. मंजुळा चेल्लूर यांची सुरुवात कर्नाटकात बळ्ळारीच्या वकिलीतून झाली. १९८८ मध्ये त्या जिल्हा न्यायाधीश झाल्या, पुढे कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती आणि नंतर मुंबईच्या मुख्य न्यायमूर्ती. पहिली वाट बारची, दुसरी जिल्हा न्यायालयाच्या जिन्याची. सर्किट बेंचवर कोण जाणार हे मात्र दोन्हीकडून आलेल्यांना सारखंच: मुख्य न्यायमूर्ती यादी काढतात, त्यात नाव आलं की बॅग भरायची.

बंगाली शिकण्याची तयारी नसेल आणि बेटच हवं असेल, तर नकाशात जरा जवळ बघा. लक्षद्वीप केरळ उच्च न्यायालयाकडे आहे, म्हणजे तिथे मल्याळमशी गाठ. पण काठियावाडच्या टोकाला टेकलेलं दीव हे बेट १९८१ च्या कायद्याने मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत आलं आणि आजही तिथेच आहे. तिथल्या न्यायालयाबद्दल काही विचारायचं असेल तर पत्ता मुंबईच्या फोर्टमधल्या उच्च न्यायालयाचाच.