दडपे पोहे कच्चे असतात का?

ठाण्यातल्या उपवन तलावाभोवती सकाळी धावणाऱ्या आमच्या कंपूच्या व्हॉट्सॲपवर पावसाळ्याच्या तोंडाला एक पोस्टर येऊन पडलं. अन्न ४८ अंशांच्या वर तापवलं की त्यातली एन्झाइम्स मरतात, मग ते अन्नही मृत, आणि मृत अन्नावर शरीर जिवंत कसं राहणार, असा एकूण सूर. खाली हात जोडलेले. एरवी मी असल्या गोष्टींवर दोन ओळी खरडून वाद घालतो, पण वर्षा मॅरेथॉन जवळ आली होती आणि पोट जरा सुटलं होतं. म्हटलं, करून बघू. अठरा दिवस मी गॅस पेटवला नाही. म्हणजे बायकोने पेटवला, मी त्या बाजूला गेलो नाही.

पहिल्या आठवड्यात काटा दीड किलोने खाली आला आणि मी ग्रुपवर फुशारकी मारली. ती फुशारकी पाण्याची होती. आपल्या स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं. हे धावणाऱ्याचं खिशातलं सुटं इंधन. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाळगतं. खाणं तुटपुंजं झालं की ग्लायकोजेन खर्ची पडतं, पाणीही जातं आणि काटा खूश होतो. चरबी अजून जागच्या जागी. नवव्या दिवशी येऊरच्या चढावर पाय उचलेनात, तेव्हा काय संपलंय ते नीट कळलं.

हिशेब सोपा आहे. धावताना एका किलोमीटरला शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी लागते. ६० किलोच्या माणसाने १० किलोमीटर धावायचं तर ६००. काकडीच्या १०० ग्रॅममध्ये मिळतात १५. म्हणजे फक्त तेवढ्या धावण्यापुरती चार किलो काकडी. जांभळी नाक्यावरून पिशवी भरून आणता येईल, पण चावणार कोण?

एन्झाइमचं आधी उरकतो. एन्झाइम हे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. काकडीतली एन्झाइम्स काकडीच्या संसारासाठी असतात, आपल्या नाही. ती कच्ची गिळली तरी जठरातल्या आम्लात आणि पेप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या पाचकरसाच्या तावडीत बहुतेकांचे तुकडेच होतात. तिथला पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) दीड-दोनपर्यंत खाली जातो. प्रथिन उलगडायचं काम पातेल्यात झालं नाही तर पोटात होतं, एवढाच फरक. 'प्राणशक्ती' मोजणारी यंत्रं घेऊन कोणी सोसायटीच्या हॉलमध्ये आलं, तर त्यांना आधी ती यंत्रं उकडलेल्या आणि कच्च्या बटाट्यावर डोळे बांधून चालवायला सांगावीत.

खरी गोष्ट स्टार्चची, म्हणजे पिष्टाची आहे, आणि ती उकडीत दिसते.

वाटीत गार पाणी घेऊन त्यात तांदळाची पिठी कालवा. पांढरं पाणी होतं, थोड्या वेळाने पिठी तळाशी बसते, वर निवळ. आता हेच पातेल्यात मंद आचेवर ढवळत राहा. बराच वेळ काहीच होत नाही, नुसतं पाणी फिरत असतं. मग एकाएकी डावाला जडपणा येतो, पांढरेपणा जाऊन चकाकी येते, आणि अर्ध्या मिनिटात डाव उभा राहील इतकी घट्ट उकड तयार. ताकातली उकड ढवळणाऱ्याला हा क्षण मनगटात कळतो. त्या अर्ध्या मिनिटात आत जे होतं, त्यावर माझा फार जीव आहे.

पिठीतला स्टार्च सुटा नसतो, सूक्ष्म कणांत बांधलेला असतो. तांदळाचे कण काही मायक्रोमीटरचे, बटाट्याचे त्याच्या दहापट मोठेसुद्धा. कणात ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. सरळ ती अमायलोज, फांद्या फुटलेली अमायलोपेक्टिन. या फांद्या दोन-दोन मिळून वेणीसारख्या गुंफतात आणि अशा वेण्या एकमेकींना खेटून रचल्या जातात, स्फटिकासारख्या. लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेज हे एन्झाइम साखळी कापतं, पण त्याला सुटी साखळी हवी. त्याच्या खाचेत वेणी बसत नाही. शिवाय रचना इतकी घट्ट की गार पाण्यालाही आत फारसा शिरकाव नाही.

पाणी साधारण ६० ते ८० अंशांपर्यंत तापलं (धान्यागणिक, जातीगणिक आकडा बदलतो) की वेण्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध ढिले पडतात. पाणी आधी कणातल्या विस्कळीत थरांत घुसतं, ते थर फुगतात आणि फुगताना शेजारच्या वेण्या ओढून उसवतात. कण मूळच्या कितीतरी पट फुगतो, अमायलोज बाहेर झिरपतं, सगळं पाणी त्या जाळ्यात अडकतं. डावाला जाणवलेला जडपणा हाच. याला जिलेटिनायझेशन म्हणतात. यातही खोच आहे: धान्यांच्या स्टार्चची रचना 'ए' प्रकारची, त्याच्या कणांना बारीक छिद्रं असतात, अमायलेज तिथून हळूहळू पोखरू शकतं. बटाटा आणि कच्चं केळं 'बी' प्रकारचं, कण मोठे आणि गुळगुळीत. म्हणून कच्ची कणीक थोडीफार तरी पचते, कच्चा बटाटा जवळपास नाहीच. (इथे कंटाळला असाल तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा, राग नाही.)

पुरावा घरातच असतो. बाळाला भरवताना तोंडातला चमचा पुन्हा वाटीत जातो, आणि जरा वेळाने घट्ट पेज पाणी-पाणी झालेली दिसते. चमच्यावरच्या लाळेचं ते काम. कच्ची पिठी कालवलेल्या पाण्याला अशी लाळ लावून बघा, तितक्या वेळात फारसं काही घडणार नाही.

जे लहान आतड्यात सुटत नाही ते मोठ्या आतड्यात जातं. तिथले जिवाणू ते आंबवून लहान मेदाम्लं बनवतात. आतड्याला ती चांगलीच, पण ऊर्जा निम्म्यावर येते आणि बाकी वायू. अठरा दिवसांत धावताना माझ्या मागे राहायला कोणी तयार नव्हतं.

मग कच्चं खाऊन धावणारे काही जण कसे धावतात? केळ्यांवर आणि खजुरावर. हिरव्या केळ्यात २० टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो, पूर्ण पिकल्यावर जेमतेम एक-दोन टक्के, बाकीची साखर झालेली. पिकणं म्हणजे झाडाने केलेला स्वयंपाकच. मोड आणणं हा तसलाच प्रकार, बी स्वतःचा स्टार्च फोडायला घेतं. पण मोड कच्चे खाताना जपून. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूची जी साथ आली, तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत लागला. पन्नासहून अधिक माणसं गेली. दमट, उबदार फडकं जिवाणूंनाही आवडतं, आणि ठाण्यातल्या जुलैत दुसरं काय असतं? एक वाफ द्या. राजम्याला तर वाफही पुरत नाही, तो खळखळून उकळलाच पाहिजे, नाहीतर त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन रात्रभर उलट्या करायला लावतं.

माझ्या एकट्याच्या पायांवरून सिद्धान्त मांडू नये, कबूल. पण जर्मनीतच गीसेनच्या संशोधकांनी बराच काळ कच्चं खाणाऱ्या पाचशेहून अधिक लोकांची पाहणी करून १९९९ मध्ये निष्कर्ष छापले. पुरुषांचं वजन सरासरी १० आणि स्त्रियांचं १२ किलोंच्या आसपास घटलं होतं, आणि ४५ वर्षांखालच्या सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित किंवा बंद झाली होती. वजनाचा आकडा पोस्टरवर येतो, पाळीचा येत नाही. आमच्या कंपूतल्या धावणाऱ्या मुलींना मी हे मुद्दाम सांगितलं. इंधन कमी पडलं की शरीर आधी हीच बत्ती विझवतं, आणि पुढे हाडं ठिसूळ होतात. गांधीजींनीही १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता आणि प्रकृती बिघडल्यावर थांबवला. त्यांनी तो लपवला नाही, हे मला आवडतं.

कोशिंबिरीवर माझा राग नाही. क जीवनसत्त्व उष्णतेने जातं आणि उकळलेल्या पाण्याबरोबर ओतलंही जातं, तेव्हा ताटात काहीतरी कच्चं हवंच. ते डाव्या बाजूला असतं तेवढं.

एकोणिसाव्या दिवशी मी वरणभात जेवलो. त्यानंतरच्या रविवारी पोस्टर टाकणारा मित्र तलावाच्या कट्ट्यावर डबा उघडून बसला होता. दडपे पोहे, वर ओलं खोबरं, मिरची, लिंबू. "बघ, अग्नी नाही," म्हणाला. मी त्याला सांगितलं की भात, म्हणजे टरफलासकटची साळ, भिजवतात, भट्टीत भाजतात आणि गरम असतानाच चेपतात, तेव्हा पोहे होतात. तुझ्या डब्यातला स्टार्च गिरणीतच शिजून आलाय, म्हणून तर नुसत्या नारळाच्या पाण्यावर मऊ पडला. तो घास थांबवून माझ्याकडे बघत राहिला.

"आणि काजू?"

"त्याच्या टरफलातलं तेल हात भाजतं. बी वाफवल्या-भाजल्याशिवाय बाजारातला काजू निघतच नाही."

त्याने डबा माझ्याकडे सरकवला. "कुरमुऱ्यांचं मी विचारत नाही," म्हणाला.