एमसीबी आणि आरसीसीबी: शॉक बसला तर कोणती पडते?

‘आमच्याकडे प्रत्येक खोलीला वेगळी एमसीबी आहे, शॉकची भीतीच नाही.’ हे वाक्य शिकल्यासवरलेल्या माणसांकडून मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि दर वेळी काळजी वाटते. कारण ते खरं नाही.

एमसीबी सगळ्यांना माहीत आहे. जुन्या फ्यूजची जागा तिनं घेतली. शॉर्ट सर्किट झालं किंवा एकाच वायरवर झेपणार नाही इतका भार पडला की ती पडते, म्हणजे आपोआप बंद होऊन वीज तोडते. वायर तापून पेटू नये, एवढंच तिचं काम, आणि ते ती चोख करते.

आता गिझरची एमसीबी घ्या, १६ अँपिअरची. ओल्या अंगानं कुणी फेजला (वीज आणणाऱ्या वायरला) हात लावला, तर शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरू. २३० व्होल्टला शरीरातून ०.२३ अँपिअर करंट जाईल. माणूस दगावायला तेवढा पुरतो. पण ६० वॉटचा साधा पिवळा बल्बही जवळपास तेवढाच करंट घेतो. म्हणजे एमसीबीच्या दृष्टीनं घरात एक बल्ब लागला. ती का पडेल? ती बिघडलेली नाही. माणूस आणि बल्ब यांतला फरक तिला कळतच नाही.

आरसीसीबी हा शॉकपासून वाचवणारा वेगळा स्विच. करंट किती आहे हे ती बघतच नाही. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या वायरमधून) तेवढाच परत आला का, हे ती सतत ताडून पाहते. माणसाच्या अंगातून जमिनीत गेलेला करंट न्यूट्रलला परत येत नाही. तफावत ३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर झाली की ती पडतेच, बऱ्याचदा त्याच्या आधीच. वरच्या उदाहरणातल्या ०.२३ अँपिअरला तर ०.०४ सेकंदात. झटका जाणवतो, पण जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते.

‘पण आमचं अर्थिंग आहे ना?’ असायलाच हवं. तरी हिशोब करा. अर्थिंगचा रोध १० ओहम असेल, तर गिझरच्या बॉडीत फेज उतरल्यावर २३ अँपिअर वाहतील. एवढ्या करंटला १६ ची एमसीबी पडायला तासभरही लागू शकतो, आणि तोवर त्या बॉडीत वीज खेळत असते. आरसीसीबी असेल तर कुणी हात लावायच्या आत सगळं बंद होतं.

मात्र आरसीसीबी ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किट सांभाळत नाही, म्हणून दोन्ही हव्यात. (आरसीबीओमध्ये दोन्ही कामं एकत्र असतात, गिझरला मी तीच लावायला सांगतो.) आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरला, तर आरसीसीबीलाही काही कळत नाही. ओळखायला सोपं: आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. बरेच वायरमन तिला अजून ईएलसीबी म्हणतात. नावावरून वाद घालू नका, पण तिच्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलंय ना, ते बघा. १०० किंवा ३०० ची माणसासाठी नव्हे.

मला सर्वांत जास्त राग येतो तो पावसाळ्यात. आरसीसीबी सारखी पडते म्हणून वायरमन तिला बाजूला टाकून वायर थेट जोडून देतो आणि घरातले त्याचे आभार मानतात. ती पडतेय म्हणजे कुठंतरी करंट जमिनीत उतरतोय: गिझरचं कॉइल, गच्चीतला ओला बोर्ड, पाण्याचा पंप. सगळ्या उपकरणांचे प्लग काढा, सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी, एकेक प्लग जोडत जा. ज्याला पडेल तिथं दोष. नुसती एमसीबी खाली करून भागत नाही, कारण घरगुती एमसीबी बहुतेक वेळा फक्त फेज तोडते; न्यूट्रलमधली गळती तशीच राहते. फ्रिज बंद पडायची चिंता असेल, तर त्याला वेगळी आरसीसीबी द्या.

‘टी’चं बटण महिन्यातून एकदा, लाइट चालू असताना दाबा. खटका पडला नाही, तर त्याच दिवशी नवी आणून बसवून घ्या.