सनदेवरील तारीख: उत्तरेच्या फौजेतील हुद्दे, ज्येष्ठता आणि कमांड यांची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेतील वाद समजून घ्यायचे असतील, तर कोणता जनरल किती शूर किंवा किती मंद होता, या नेहमीच्या चर्चेच्या आधी त्याच्या नेमणुकीच्या सनदेवर कोणती तारीख होती हे पाहावे लागते. एकाच हुद्द्याचे दोन अधिकारी एका मैदानात आले, की ज्याची सनद आधीची त्याच्या हाती कमांड जाई. शांततेच्या काळातील लहानशा फौजेत ही रीत भांडणे मिटवण्यासाठी सोयीची होती. लाखोंच्या फौजेत तिने नवी भांडणे निर्माण केली, आणि ती मोडण्यासाठी झालेला कायदा हाताशी असूनही सरकारने तो अनेकदा कचरतच वापरला.

या रीतीला जुना फाटा होता तो ब्रेव्हेटचा. पराक्रमाबद्दल किंवा दीर्घ सेवेबद्दल अधिकाऱ्याला त्याच्या प्रत्यक्ष हुद्द्याच्या वरचा मानद हुद्दा देण्याची ही सोय अमेरिकेने ब्रिटिशांकडून घेतली आणि 1812 च्या कायद्याने ती पक्की केली. स्वतःच्या रेजिमेंटमध्ये मूळ हुद्दा चाले, पण वेगवेगळ्या तुकड्या एकत्र आल्या किंवा कोर्टमार्शल बसले की ब्रेव्हेटचा हुद्दा पुढे येई. त्यामुळे एकच माणूस सकाळी कर्नल आणि दुपारी ब्रिगेडियर जनरल ठरू शकत होता. मेक्सिकोशी युद्ध पेटण्याच्या तोंडावर, 1845–46 च्या हिवाळ्यात, टेक्सासमधील कॉर्पस ख्रिस्तीच्या छावणीत याच मुद्द्यावर फौजेत फूट पडली. एक जण ज्येष्ठ कर्नल होता, तर दुसरा कनिष्ठ कर्नल असला तरी त्याच्याकडे ब्रिगेडियरचे ब्रेव्हेट होते. सरसेनापतीने ब्रेव्हेटची बाजू घेतली, राष्ट्राध्यक्षांनी ती फिरवली, आणि दुखावलेल्या अधिकाऱ्याने राजीनामा पाठवला. युद्ध सुरू झाल्यावर तो परतला, एवढे त्याच्या पदरी घालायला हवे.

1861 च्या सुरुवातीस देशाची कायम फौज सुमारे 16,000 सैनिकांची होती. तिच्यातील अधिकारी हजाराच्या थोडे वर होते आणि त्यांपैकी तीनशेच्या आसपास दक्षिणेला जाऊन मिळाले. उरलेल्यांचे काय करायचे, यावर सरसेनापती विनफिल्ड स्कॉटचे मत स्पष्ट होते: कायम फौजेच्या रेजिमेंटा अखंड ठेवाव्यात, त्यांतील अधिकारी नवख्या स्वयंसेवकांमध्ये विखरू नयेत. तेव्हा पंचाहत्तरीला आलेल्या आणि 1812 पासूनची युद्धे पाहिलेल्या त्या माणसाला हे शहाणपणाचे वाटले असणार. पण परिणाम असा झाला की, ज्यांना कवायत ठाऊक होती ते जुन्या कंपन्यांत लेफ्टनंट आणि कॅप्टन म्हणून बसले, आणि ज्यांना ती पुस्तकातून रात्री वाचून सकाळी शिकवावी लागे ते कर्नल झाले. दक्षिणेकडे राखण्यासारखी जुनी फौजच नसल्याने तिचे प्रशिक्षित अधिकारी आपोआप सर्वत्र पसरले.

स्वयंसेवक रेजिमेंटांच्या अधिकाऱ्यांना सनदा राज्यांचे गव्हर्नर देत, तर जनरलांच्या नेमणुका राष्ट्राध्यक्ष करीत आणि सिनेट त्यांना मंजुरी देई. बुल रनच्या लढाईतील पराभवाच्या दुसऱ्याच दिवशी, 22 जुलै 1861 रोजी, जो कायदा झाला त्यात रिकाम्या जागा मतदानाने भरण्याची तरतूद होती: कॅप्टनपर्यंतच्या जागांसाठी कंपनीतील शिपायांनी मत द्यायचे आणि त्यावरील जागांसाठी अधिकाऱ्यांनी. मिलिशियाच्या, म्हणजे राज्यांच्या नागरी सेनांच्या, परंपरेला धरून आलेली ही तरतूद पुरते तीन आठवडेही टिकली नाही. 6 ऑगस्टच्या कायद्याने तो अधिकार गव्हर्नरांकडे दिला, तरी सैनिकांचा कल विचारण्याची सवय अनेक राज्यांत पुढेही चालू राहिली. त्याच जुलैच्या कायद्यात तीन ते पाच सदस्यांच्या परीक्षा मंडळांचीही सोय होती. अयोग्य अधिकाऱ्याला चौकशीला बोलावून काढून टाकण्याचा हा मार्ग मात्र टिकला. मंडळासमोर उभे राहण्यापेक्षा आधीच राजीनामा दिलेला बरा, असा विचार करणारेही पुष्कळ निघाले.

खरा गुंता वरच्या थरात होता आणि त्याचे कारण साधे असूनही क्वचितच सांगितले जाते. 1864 पर्यंत उत्तरेच्या फौजेत मेजर जनरलच्या वर प्रत्यक्ष हुद्दाच नव्हता. डिव्हिजन चालवणारा मेजर जनरल, अनेक डिव्हिजनांची मिळून होणारी कोअर चालवणारा मेजर जनरल, संपूर्ण आर्मीचा कमांडर मेजर जनरल, आणि वॉशिंग्टनमध्ये बसून सर्वांना आदेश पाठवणारा सरसेनापतीही मेजर जनरलच. दक्षिणेने 1862 पर्यंत ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर आणि आर्मी यांना जुळतील असे चार हुद्दे उभे केले, पण उत्तरेची काँग्रेस, म्हणजे संसद, वरचे हुद्दे निर्माण करायला नाखूश होती. पूर्ण लेफ्टनंट जनरल हा मान पहिल्या राष्ट्राध्यक्षांनंतर कोणालाही मिळाला नव्हता, आणि मेक्सिको युद्धाचा विजेता असलेल्या स्कॉटलाही तो 1855 मध्ये ब्रेव्हेट म्हणूनच मिळाला होता. परिणामी कामाने चार पायऱ्यांवर असलेली माणसे हुद्द्याने एकाच पायरीवर उभी होती आणि त्यांना वेगळे करणारी गोष्ट एकच उरली, ती म्हणजे तारीख.

4 एप्रिल 1862 चा संयुक्त ठराव याच ठिकाणी येतो. एका मैदानात किंवा एका विभागात समान हुद्द्याचे दोन किंवा अधिक अधिकारी असतील, तर ज्येष्ठता न पाहता राष्ट्राध्यक्षांनी वाटेल त्याला कमांड द्यावी, एवढेच तो सांगतो. कागदावर यापेक्षा सोपा उपाय नाही. जूनमध्ये व्हर्जिनियातील तीन तुकड्या एकत्र करून त्यांची कमांड जॉन पोपकडे दिली गेली, तेव्हा तिन्ही तुकड्यांचे प्रमुख त्याला ज्येष्ठ होते. त्यांपैकी फ्रेमाँटने कनिष्ठाच्या हाताखाली राहण्यापेक्षा पद सोडणे पसंत केले. ऑगस्टच्या अखेरीस पोपचा दुसऱ्या बुल रनवर मोठा पराभव झाला आणि ठरावाच्या विरोधकांना हवे ते उदाहरण मिळाले. हा निष्कर्ष मला अन्यायाचा वाटतो, कारण पराभव पोपचा होता, ठरावाचा नव्हता. पण फौजेतील मत तसेच बनले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील निर्णय तर अधिक बोलका आहे. केंटकीतील फौजेच्या कमांडरला हटवून जनरल रोझक्रान्झला आणायचे ठरले. तेथे दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या जॉर्ज थॉमसची मेजर जनरलची सनद 25 एप्रिल 1862 ची होती, रोझक्रान्झची सप्टेंबरची. थॉमसने महिन्याभरापूर्वी हीच कमांड, ऐन मोहिमेत सेनापती बदलू नये म्हणून, नाकारली होती. आता एका कनिष्ठाच्या हाताखाली जाण्याबद्दल त्याने लेखी तक्रार केली. ठराव हाताशी होता, त्याचा आधार घेऊन थॉमसला नम्रपणे गप्प करता आले असते. त्याऐवजी रोझक्रान्झच्या सनदेची तारीखच मागे नेऊन 21 मार्च 1862 करण्यात आली. मग रोझक्रान्झ रीतसर ज्येष्ठ ठरला आणि ज्येष्ठाच्या हाताखाली काम करायला थॉमसची हरकत उरली नाही. ज्येष्ठता डावलण्याचा अधिकार असलेल्या सरकारला ज्येष्ठता खोटी करणे सोपे वाटले, यावरून अधिकारीवर्गात त्या तारखेचे वजन किती होते ते कळते.

पुढच्या वर्षी गेटिसबर्गच्या लढाईच्या तीन दिवस आधी, 28 जून 1863 रोजी, पोटोमॅकच्या आर्मीची, म्हणजे पूर्वेकडील मुख्य फौजेची, कमांड जनरल मीडकडे आली. त्याच्या कोअर कमांडरांत त्याला ज्येष्ठ असलेले किमान तिघे होते. नेमणुकीच्या पत्रातच त्याला वाटेल त्या अधिकाऱ्याला काढण्याचा आणि वाटेल त्याला कमांड देण्याचा अधिकार दिलेला होता, आणि 1 जुलैला त्याने तो वापरला. पहिल्या दिवशी मैदानावरील सेनापती मारला गेल्यावर कमांड ज्येष्ठतेने हॉवर्ड या कोअर कमांडरकडे आली होती, पण मीडने हॅनकॉक या दुसऱ्या कोअर कमांडरला पुढे पाठवले. दोघांच्याही मेजर जनरलच्या सनदा एकाच दिवसाच्या होत्या, 29 नोव्हेंबर 1862 च्या, त्यामुळे आधीच्या ब्रिगेडियरच्या सनदा पाहाव्या लागत, आणि त्यांत हॉवर्ड वीस दिवसांनी ज्येष्ठ होता. माघार घेणाऱ्या फौजेच्या मधोमध टेकडीवर या दोघांत नेमके काय बोलणे झाले, यावर दोन्ही बाजूंनी पुढे आयुष्यभर लिहिले. काँग्रेसने जानेवारी 1864 मध्ये आभाराचा ठराव केला त्यात हॉवर्डचे नाव होते आणि हॅनकॉकचे नव्हते. ती चूक 1866 मध्ये दुरुस्त झाली.

राजकारणी जनरलांवर होणारी टीकाही याच चौकटीत पाहायला हवी. त्यांना नेमण्यामागे हिशेब होता, कारण लोकांनी निवडलेले पुढारी रेजिमेंटा उभ्या करू शकत होते आणि विरोधी डेमोक्रॅट पक्षाच्या मतदारांना युद्धाशी बांधून ठेवत होते. पण त्यांच्यातील काहींना 16 मे 1861 च्या सनदांनी संपूर्ण युद्धभर जवळजवळ सर्वांच्या वर बसवले. 1864 मध्ये रिचमंडच्या आघाडीवर नवा सरसेनापती ग्रँट हजर नसेल, तर ज्येष्ठतेने कमांड बेंजामिन बटलर या अशाच राजकारणी जनरलकडे जाणार होती, आणि हीच गोष्ट पुढे त्याला हटवण्याची मागणी करताना ग्रँटने पुढे केली. ती मान्य झाली जानेवारी 1865 मध्ये, म्हणजे फोर्ट फिशरवरील फसलेल्या मोहिमेनंतर आणि राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक पार पडल्यावर.

लेफ्टनंट जनरलचा हुद्दा फेब्रुवारी 1864 अखेरच्या कायद्याने परत आला आणि 9 मार्चला ग्रँटला सनद मिळाली. वरच्या टोकाचा प्रश्न त्याने सुटला, खालचा तसाच राहिला. जनरल बर्नसाइड मीडपेक्षा ज्येष्ठ होता, म्हणून त्याची नववी कोअर मीडच्या आर्मीशेजारी लढत असूनही तिचे आदेश थेट ग्रँटकडून जात. वाइल्डरनेसच्या जंगलात, जिथे एका कोअरची हालचाल दुसरीला तासांच्या हिशेबाने कळायला हवी होती, तिथे ही व्यवस्था महाग पडली. 24 मे रोजी ती बंद झाली आणि बर्नसाइडने कनिष्ठाच्या हाताखाली जाणे विनातक्रार स्वीकारले. इतर अनेक बाबतींत तो टीकेला पात्र आहे, या बाबतीत नाही. त्याच उन्हाळ्यात अटलांटासमोर मात्र हॉवर्डला एका आर्मीची कमांड मिळताच त्याला ज्येष्ठ असलेल्या जनरल हुकरने पद सोडले.

ज्येष्ठतेऐवजी परीक्षेवर अधिकारी निवडण्याचा सर्वांत गंभीर प्रयोग मात्र कृष्णवर्णीय रेजिमेंटांसाठी झाला. मे 1863 मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यालय उघडले आणि उमेदवारांना मंडळांपुढे कवायत, नियमावली, गणित यांत उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. अनेकांना नापास केले गेले. तयारी करून घेणारी मोफत शाळा फिलाडेल्फियात निघाली. पण परीक्षा देणारे जवळजवळ सर्व गोरे होते. सुमारे 1,80,000 कृष्णवर्णीय सैनिकांच्या या दलात कृष्णवर्णीय अधिकारी शंभराच्या आसपासच राहिले.

ब्रेव्हेट 3 मार्च 1863 च्या कायद्याने स्वयंसेवक अधिकाऱ्यांनाही खुले झाले, पण जादा पगाराशिवाय. युद्ध संपता संपता त्यांची खैरात झाली. 13 मार्च 1865 या एकाच तारखेची ब्रेव्हेटे इतकी आहेत की ती तारीख त्या दिवशी झालेल्या पराक्रमाबद्दल काहीच सांगत नाही, आणि तेराशेहून अधिक अधिकारी ब्रेव्हेट ब्रिगेडियर म्हणून घरी गेले. जे कायम फौजेत राहिले त्यांच्याकडे एकाच वेळी चार हुद्दे असू शकत: कायम फौजेतील, तिथले ब्रेव्हेट, स्वयंसेवकांतील आणि तिथलेही ब्रेव्हेट. घोडदळाचा अधिकारी कस्टर युद्धाअखेर स्वयंसेवकांत मेजर जनरल होता आणि कायम फौजेत कॅप्टन. 1866 मध्ये तो लेफ्टनंट कर्नल झाला, तरी लोक त्याला जनरलच म्हणत राहिले. 1869 च्या कायद्याने ब्रेव्हेट युद्धकाळापुरते मर्यादित केले, आणि जुलै 1870 च्या कायद्याने ब्रेव्हेट हुद्द्याचा गणवेश घालणे व सरकारी आदेशांत त्या हुद्द्याने उल्लेख करणे दोन्ही बंद केले.